शाळेत मॅडम रागावल्या अन् आता पोरगं शाळेत जायलाच तयार नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मी नागपुरात पाळणाघर चालवते, मानेवाड्याकडे. केजीपासून तिसरी-चौथीपर्यंतची लेकरं शाळा सुटली की व्हॅनमधून सरळ माझ्याकडे उतरतात अन् आईबाबा ऑफिसातून येईपर्यंत इथेच जेवतात, झोपतात, भांडतात. त्यामुळे एक तक्रार मी दरवर्षी पाहते. शाळेत काहीतरी बारीकशी शिक्षा होते, जागेवर उभं केलं, जागा बदलली, बाकीच्यांना स्टार दिला याला नाही दिला, डायरीत लाल पेनने रिमार्क आला, एवढंच, अन् दुसऱ्या दिवसापासून पोट्टं व्हॅनमध्ये पाय ठेवत नाही. मॅडम तर दहा मिनिटांत विसरलेल्या असतात. लेकरू विसरत नाही, कारण ती शिक्षा संपली हे त्याला कोणी सांगितलेलंच नसते. मोठ्यांना ते आपोआप कळते, चार-सहा वर्षांच्या पोराला नाही कळत, त्याच्या हिशोबाने मॅडम अजून रागावलेल्याच आहेत आणि उद्या पण राहतील.

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे स्टेट बोर्डाच्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणून हे सगळं जुलैत सुरू होते. मग पोळा-गणपतीच्या सुट्ट्या झाल्या की परत, दिवाळीनंतर परत. दरवर्षी नवीन आईबाबा तेच विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आधी लक्षणं, म्हणजे हेच आहे की दुसरं काही ते कळेल

पोट दुखते, पण रविवारी संध्याकाळपासून. शनिवारी दिवसभर नाही दुखत. व्हॅनचा हॉर्न ऐकला की शू लागते, जाऊन आलं की दोन मिनिटांत परत लागते. डबा तसाच्या तसा परत येते. होमवर्क करताना खोडरबरने वही फाटेपर्यंत खोडून राहते, का तर "मॅडम ओरडतील". "मी मॅडमला आवडतच नाही" असं म्हणते. घरी धाकट्याला नाहीतर बाहुल्यांना कोपऱ्यात उभं करते (एवढं एकच असेल तर घाबरू नका, शाळा-शाळा खेळताना सगळीच पोरं खडूस टीचर होतात).

मला सगळ्यात पक्कं वाटणारं लक्षण मात्र वेगळंच आहे, आणि आया ते कौतुकाने सांगतात, "आजकाल फार शहाणी झाली हो". लेकरू एकदम गुणी होते अन् दिवसभर विचारत राहते, "मम्मी तू रागावली का? आता नाही नं रागावली?" पाणी सांडलं तरी विचारते, तुम्ही नुसत्या गप्प बसल्या तरी विचारते. त्याला राग कधी संपते तेच कळेनासं झालं आहे, म्हणून ते चेक करून राहिलं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि बहुतेक वेळा काम तिथेच होऊन जाते, म्हणून उडी मारून एकदम प्रिन्सिपलपर्यंत जाऊ नका.

१. झोप, डबा, शू

हसू नका. सकाळची शाळा, व्हॅन साडेसहाला, म्हणजे पोरगं पावणेसहाला उठते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते आणि सहाच्या पुढे ९ ते १२. आता रात्री अकरापर्यंत टीव्हीसमोर बसवून ठेवलं तर हिशोब तुम्हीच करा. अर्धवट झोपेतलं लेकरू वर्गात चुळबूळ करते, बोलणी खाते, आणि तीच बोलणी त्याला दुप्पट लागते. झोपेची वेळ आठवडाभर नीट करून बघा, फुकट आहे.

शूचं वेगळंच. कित्येक पोरं शाळेच्या बाथरूमला घाबरून दिवसभर रोखून धरतात, मग बाकावर वळवळतात, मॅडमला वाटते मस्ती सुरू आहे. डिसेंबरात नागपूरच्या थंडीत तर सारखीच लागते. पोराला "मॅडम, टॉयलेटला जाऊ का" हे ज्या भाषेत शाळेत बोलावं लागते त्या भाषेत घरी पाठ करून घ्या, इंग्लिश मीडियममधल्या नवीन पोरांचं निम्मं रडणं त्या एका वाक्यासाठी असते.

२. घरात कोणी मॅडमच्या नावाने भीती घालून राहिलं का

हे सगळ्यात जास्त सापडते आणि कोणी मान्य करत नाही. "दूध पी, नाहीतर मॅडमला सांगते." "थांब, उद्या शाळेत येऊन तुझं नाव सांगतो." पोराला भाजी खाऊ घालायला आपण ज्या बाईचा बागुलबुवा केला, त्याच बाईने शाळेत साधं "चूप बस" म्हटलं तर ते त्याला साधं कसं वाटेल सांगा बरं? आजी, आत्या, कामवाल्या ताई, व्हॅनवाले भाऊ, सगळ्यांना सांगावं लागते. व्हॅनमध्ये तर सर्रास चालते, "आवाज करू नका, नाहीतर परत शाळेत नेऊन सोडतो". मी आमच्या व्हॅनवाल्या भाऊंना स्पष्ट सांगून ठेवलं आहे, शाळा ही धमकी म्हणून वापरायची नाही. दोन आठवडे हे कडक बंद ठेवा, फक्त एवढ्यानेच ठीक झालेली पोरं मी पाहिली आहेत.

३. नेमकं झालं काय ते काढा, पण विचारताना सांभाळून

गेटवर उतरल्या उतरल्या "आज मॅडम रागावल्या का?" विचारू नका. त्यानं लेकराला कळते की मम्मीला याच बातमीत इंटरेस्ट आहे, मग ते रोज एक आणून देते. खाऊपिऊ द्या, हातात काहीतरी काम द्या, मटार सोलायला द्या नाहीतर चित्र काढायला बसवा, आणि मग नुसतं "आज वर्गात कोण कोण कुठे बसलं होतं?" एवढंच. पुढे "मग काय झालं?", "मग?" यापलीकडे जायचं नाही. "मॅडमने मारलं का? जोरात मारलं का?" असे प्रश्न घातले की लहान पोरं हो म्हणून टाकतात, मोठ्या माणसाला तेच ऐकायचं आहे असं त्यांना वाटते. आणि समजा खरंच काही वाईट झालं असेल, तर तुमच्याच प्रश्नांनी ती गोष्ट गढूळ होते, पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून हे फार महत्त्वाचं.

इथे दोन गोष्टी हमखास निघतात. एक, रागावलं दुसऱ्याच पोराला होतं आणि आपलं शेजारी बसून घाबरलं. दोन, गोष्ट आजची नाहीच. या वयात "काल" म्हणजे मागचं काहीही, पंधरा दिवसांपूर्वीचं पण कालच.

एक उदाहरण सांगते, मला फार आवडते. तान्ह्या पोळ्याच्या आसपास एका पहिलीतल्या पोराने आपला लाकडी नंदी दप्तरात घालून शाळेत नेला, मित्राला दाखवायला. वर्गात बाहेर काढला, मॅडमने घेऊन कपाटात ठेवला, सुटताना द्यायचा राहिला. झालं इतकंच. पण पोरगं आठवडाभर शाळेत जाईना, रात्री उठून रडे. घरचे समजले मारलंबिरलं असेल, बाबा भांडायला निघालेच होते. पोराला वाटून राहिलं होतं की नंदी कायमचा गेला, आजोबांना काय सांगू. त्याच्या आईने डायरीत दोन ओळी लिहिल्या, मॅडमने दुसऱ्याच दिवशी कपाट उघडून त्याच्या हातात दिला अन् म्हणाल्या, "घरी ठेव हो याला, इथे चारा नाही मिळत." तिसऱ्या दिवशी पोट्टं व्हॅनमध्ये पुढच्या सीटसाठी भांडत होतं.

४. घरातलं कोर्ट बंद करा

शाळेत पाच मिनिटं उभं केलं. घरी आल्यावर आईने विचारलं, मग आजीला फोनवर सांगितलं, संध्याकाळी बाबांना, मग बाबांनी पोराला समोर बसवून परत पहिल्यापासून. आजोबा म्हणतात "आमच्या वेळी छड्या बसत होत्या, हे काहीच नाही", बाबा म्हणतात "मी येतो उद्या, बघतोच त्या मॅडमला". दोन्ही वाईट. आजोबांच्या बोलण्याने लेकराला कळते की माझं दुखणं खोटं आहे, आणि बाबांच्या बोलण्याने कळते की हे फारच मोठं, भयंकर काहीतरी झालं आहे. पाच मिनिटांची शिक्षा रात्री दहापर्यंत चालली नं बाप्पा!

आणि तो व्हॉट्सॅप ग्रुप. "आज मॅडमने आमच्या पिल्लूला उभं केलं, अजून कोणाच्या पोराला केलं का?" हे टाकलं की पुढचे दोन तास सगळ्या आया जुनं-जुनं उकरून काढतात आणि सगळ्यांची पोरं बाजूला बसून ऐकून राहतात. प्लीज नका करू. एका मुलाची गोष्ट एकट्या मॅडमशी बोलायची असते.

घरी एकदाच बोलायचं, एकानेच, आणि त्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: तुला वाईट वाटलं ते कळलं, मॅडमने का थांबवलं असेल, आणि ते आता संपलं. तिसरी सगळे विसरतात. "मॅडमचा राग तेव्हाच संपला, तू जागेवर बसला नं, तेव्हाच" इतकं साधं बोला. "काही नाही होत" म्हणून उडवून लावू नका, त्याला झालेलं असते.

५. प्रॅक्टिस

मोठ्यांना हे पोरखेळ वाटते पण माझ्याकडे सगळ्यात जास्त उपयोग याचाच होते. मी मॅडम होते, पोरं वर्ग. मी म्हणते "बोलणं बंद!" ज्याचं नाव घेतलं त्याने करायचं काय, तर माझ्याकडे बघायचं, "हो मॅडम" म्हणायचं, तोंड बंद, नजर वहीत. मग सगळे मिळून जोरात एक टाळी अन् ओरडायचं "संपलं!" मग पाळी बदलायची, पोरगं मॅडम अन् मी बडबड करणारी, आणि मला रागावताना त्यांना जो आनंद होते तो बघण्यासारखा असते.

यात होते काय की बोलणी खाल्ल्यावर पुढे काय करायचं ते शरीराला माहीत होते. शाळेत बहुतेक पोरं त्या क्षणी थिजतात नाहीतर खुदकन हसतात, घाबरून हसतात, आणि मॅडमला वाटते उद्धट आहे, अजून रागावतात. हे संध्याकाळी जेवणाआधी पाच मिनिटं करा. सकाळी व्हॅन यायच्या आधी अजिबात नाही, तेव्हा आठवण पण नको.

६. सुट्टी देऊन राहिले का

पोट दुखते म्हटलं, बरं राहा घरी. घरी मोबाईल, मॅगी, आजीची मांडी. पोट दहा वाजता थांबते. लेकरू नाटक नाही करत, त्याचं पोट खरंच दुखते, काळजीने दुखते, पण घरी राहिल्याबरोबर सुटल्यासारखं वाटते अन् उद्याची भीती मोठी होते, परवाची अजून मोठी. म्हणून ताप-उलटी नसेल तर पाठवायचं. अगदीच राहिलं घरी तर दिवस एकदम फिका जाऊ द्या, स्क्रीन बंद, शाळेच्या वेळात वहीपुस्तक. निरोप गेटवरच आणि छोटा, "साडेबाराला पाळणाघरात मावशीकडे जा, संध्याकाळी भेटू", पाठ फिरवायची. खिडकीतून डोकावणारे बाबा लोक, तुम्ही पण.

७. तीच चूक परत परत होते का, मग कारण दुसरीकडे असू शकते

रोज "शेजाऱ्याशी बोलते" असाच रिमार्क येत असेल तर घरी कॅलेंडर भिंतीला लावून लांबून आकडे वाचायला सांगा, एकेक डोळा झाकून. फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत बघणारी पोरं कितीतरी असतात, आणि लहान पोरं कधीच सांगत नाहीत दिसत नाही म्हणून, त्यांना वाटते सगळ्यांना असंच दिसते. तसंच पाठीमागून हळू आवाजात हाक मारून बघा. सर्दीनंतर कानात पाणी साचून राहते, नाहीतर मळ असते, पोरगं "ऐकत नाही" म्हणजे खरंच ऐकू येत नाही. घरच्या टेस्टवर शंका आली तर डोळ्याच्या, कानाच्या डॉक्टरांकडे जा. कानात काडी, गरम तेल घालू नका.

दप्तर पण बघा. पेन्सिलीला टोक नाही, पुस्तक विसरलं, वॉटर बॅग गळते, याची बोलणी पोराने खायची नसते, ते आपलं काम आहे.

८. आता मॅडमशी बोला

एवढं करून आठवड्याभरात फरक नसेल तर. आधी नाही, कारण आधी गेलं तर तुमच्याकडे सांगायला काहीच नसते, नुसता राग असते. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक धरला आहे, आणि कित्येक वर्गांत याहून जास्त पोरं कोंबलेली असतात, तेव्हा कोणाला कधी उभं केलं हे मॅडमला आठवणार नाही, त्याचा राग धरू नका.

सुटताना गर्दीत गाठू नका, डायरीत लिहा. मी आयांना साधारण असं लिहून देते:

"नमस्कार मॅडम, मागच्या आठवड्यात वर्गात बोलल्याबद्दल तिला उभं केलं होतं, ते बरोबरच आहे, आम्ही घरी बोललो. पण तेव्हापासून तिला वाटतं तुम्ही अजून रागावलेल्या आहात आणि ती शाळेला घाबरते आहे. उद्या एकदा तिला नावाने हाक मारून वह्या वाटण्यासारखं छोटं काम दिलंत तर तिची भीती जाईल. तिच्याबद्दल काही सांगायचं असेल तर नक्की कळवा, आम्ही भेटायला येऊ."

यात तक्रार नाही अन् मॅडमला करायला सोपं काम आहे. बहुतेक मॅडम करतात, आणि वह्या वाटायला मिळालेलं लेकरू घरी येऊन काय रुबाब करते ते बघा. उत्तरच आलं नाही तर भेटीची वेळ मागा, पोराला सोबत न नेता. "तुम्ही काऊन रागावल्या" पासून सुरू करू नका, "वर्गात कधी कधी होते असं, सकाळी का डब्यानंतर?" असं विचारा. वेळ कळली की कारण सापडते.

कुठे थांबायचं

पोटदुखीत ताप, सारख्या उलट्या, वजन कमी होणं, शौचात रक्त, लघवीला जळजळ, दुखून रात्री झोपेतून उठणं, किंवा बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, खास करून उजवीकडे खाली, यातलं एक जरी असलं तर वरचं सगळं सोडा आणि बालरोगतज्ज्ञ गाठा. उजवीकडे खाली जोरात दुखत असेल तर त्याच दिवशी.

दोन-तीन आठवडे सगळं नीट करून पण रोज सकाळी तेच, किंवा अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत सुरू झाली, शाळेत अजिबातच बोलत नाही, स्वतःला मारून घेते, केस उपटते, तर काउन्सेलर किंवा बालमानसतज्ज्ञ. "मी मरून जाईन" असं बोललं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी, अन् लेकराला एकटं सोडू नका. चुळबूळ आणि लक्ष नसणं घरी पण, शाळेत पण, आणि सहा महिन्यांच्या वर चाललं असेल तर तेही त्यांनाच दाखवायचं, ते शिस्तीने जात नाही. शाळेत काउन्सेलर असतील तर आधी त्या, नाहीतर नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, सगळीकडे मानसोपचार विभाग आहे, प्रायव्हेटच पाहिजे असं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येते. लोक काय म्हणतील म्हणून वर्ष वाया घालवणारे आईबाबा बघून मला वैताग येते, खरं सांगते.

आणि शेवटचं, हे सगळं बारीक शिक्षेसाठी आहे. थापड, चिमटा, कान पिळणं, पट्टी, उन्हात उभं करणं (नागपूरच्या उन्हात!), पाणी किंवा टॉयलेट बंद, अंधाऱ्या खोलीत कोंडणं, जातीवरून, रंगावरून, घरच्या परिस्थितीवरून बोलणं, ही बारीक शिक्षा नाही. इथे प्रॅक्टिस नको, "संपलं" नको, गोड चिठ्ठी तर अजिबात नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ६ ते १४ वयाच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केलेलं आहे. केजीतलं लेकरू त्या वयात बसत नाही म्हणून त्याला मारलेलं चालते असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. पोराने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत तारखेसकट लिहून ठेवा, वळ असेल तर फोटो काढा आणि डॉक्टरला दाखवून कागद घ्या, परत परत वदवून घेऊ नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. शाळेने टोलवलं तर शिक्षणाधिकारी, आणि लेकराला धोका वाटत असेल तर कोणाची वाट न बघता १०९८, चाइल्डलाइन, चोवीस तास चालू असते. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन् तारखेसह पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.